गुरुवारची अंजुमन आणि चारचौघांत बोलायची धिटाई

दसरा झाला की आपल्या शिरूर कासारच्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या गाड्या हलायला लागतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाची उचल डोक्यावर आणि पुढचे पाच-सहा महिने उसाच्या फडात मुक्काम. बोचकी बांधता बांधता प्रत्येक आईच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो, पोरांचं काय करायचं? कुणी आजीपाशी ठेवतं, कुणी हंगामी वसतिगृहात, कुणी आश्रमशाळेत. आपल्याच तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी २००० साली 'शांतिवन' उभं केलं, ते अशाच मुलांसाठी. गरीब मुस्लिम घरांतली काही मुलं मात्र आणखी एका दारातून आत जातात. ते दार निवासी मदरशाचं. राहणं फुकट, जेवण फुकट आणि वर दीनची तालीम. कष्टकरी आईबापाला हा मोठाच आधार वाटतो.

आता मदरसा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. पांढऱ्या टोप्या घातलेली पोरं रांगेत बसून, मागेपुढे डुलत पाठांतर करताहेत. मग शेजारीण सहज बोलून जाते, "एवढं पाठ करून पुढं काय? चार माणसांत बोलता तरी येईल का?" प्रश्न टोचरा आहे, पण खोटा नाही. आजकाल पेपरात, टीव्हीवर 'सॉफ्ट स्किल्स' हा शब्द सारखा कानावर पडतो. इंग्रजी शब्दाला घाबरायचं कारण नाही. चारचौघांत नीट बोलता येणं, दुसऱ्याचं ऐकून घेणं, मिळून काम करणं, वेळ पाळणं, चूक दाखवली तर राग न येणं, अडल्या वेळी पुढाकार घेणं, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या आज्या याला 'पोराला वळण आहे' किंवा 'पोर धीट आहे' असं म्हणायच्या.

हे वळण मदरशात मिळतं का? मिळतं. ते पुस्तकातून कमी आणि पुस्तक मिटल्यावर जास्त मिळतं. पण त्यात एक मोठी फटही राहते आणि ती फट आपल्या मराठवाड्यातल्या आयांनी ओळखायला हवी.

आधी एक गैरसमज

मुस्लिम मुलं म्हणजे सगळी मदरशातच शिकतात, असं अनेकांना वाटतं. २००६ साली आलेल्या न्यायमूर्ती सच्चर समितीच्या अहवालाने हे साफ खोडून काढलं. शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी मुलं साधारण ३ टक्केच आहेत, असं समितीने नोंदवलं. गावातल्या मशिदीत सकाळ-संध्याकाळ तासभर जाऊन पोरं कुराण वाचायला शिकतात, तो मकतब. ती मुलं दिवसा इतरांसारखी शाळेतच असतात. घर सोडून राहायचं ते निवासी मदरशात. संख्या थोडी असली तरी त्यात जाणारी मुलं बहुतेक गरिबाघरची असतात. त्यांच्या हातात दुसरं काही नसतं, म्हणून तिथे काय मिळतं याला फार महत्त्व आहे.

गुरुवारची संध्याकाळ

मदरशाला सुट्टी रविवारची नसते, शुक्रवारची असते. त्यामुळे गुरुवारची संध्याकाळ म्हणजे पोरांची शनिवार संध्याकाळच म्हणा ना! अनेक मदरशांत याच वेळी 'अंजुमन' भरते. अंजुमन म्हणजे सभा. पण ही सभा उस्तादांची नाही, पोरांची. एक मुलगा अध्यक्ष होतो, त्याला सदर म्हणतात. दुसरा सूत्रसंचालन करतो. सुरुवात किरातने होते, म्हणजे कुराणातल्या आयती सुरात वाचल्या जातात. मग नात होते. त्यानंतर एकेका पोराचं नाव पुकारलं जातं आणि त्याने उभं राहून चार-पाच मिनिटांची तकरीर, म्हणजे भाषण, करायचं असतं. विषय आईवडिलांची सेवा, स्वच्छता, खरं बोलणं असे साधेसुधे. उस्ताद मागे बसून ऐकतात आणि शेवटी कोण कुठे चुकलं, कोणाचा आवाज पडला, कोण खाली बघून बोलला, ते सांगतात.

बघा, दहा वर्षांचं पोर पहिल्यांदा उभं राहतं तेव्हा त्याचे पाय लटपटतात. पाठ केलेलं अर्धं विसरतं. पण पाळी काही चुकत नाही, ती पुन्हा फिरून येतेच. दोन-तीन वर्षांनी तेच पोर भरल्या सभेत हात हलवून बोलायला लागतं. आपल्या शाळांत भाषण कोण करतं? पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला वर्गातली ठरलेली दोन-तीन हुशार मुलं. बाकीची टाळ्या वाजवतात. अंजुमनमध्ये मात्र पाळी सगळ्यांची असते, लाजऱ्याबुजऱ्याचीही. खरी गंमत या पाळीतच आहे.

अंजुमनला जोडून आणखी बरंच काही असतं. मुकालमा म्हणजे दोघा-तिघांचं संवादरूपी छोटं नाटुकलं. बैतबाजी म्हणजे आपल्या गाण्याच्या भेंड्याच, फक्त गाण्याऐवजी शेर. काही ठिकाणी पोरं भिंतीवर हस्तलिखित परचा लावतात. लेख एकाचा, अक्षर दुसऱ्याचं, नक्षी तिसऱ्याची. असर आणि मगरिब या दोन नमाजांच्या मधे मैदानावर क्रिकेट किंवा व्हॉलीबॉल रंगतं. ही सगळी कामं पोरं मिळून करतात आणि भांडतभांडत का होईना, मिळून करायला शिकतात.

चूक सांगावी कशी, ऐकावी कशी

मदरशातल्या दोन रिती तर मोठमोठ्या शाळांनी उचलाव्यात अशा आहेत.

पहिली 'तकरार'. मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणं, पण इथे त्याचा अर्थ उजळणी. आलिमचा अभ्यास करणारी मोठी मुलं रात्री गोल करून बसतात. त्यांच्यातलाच एक जण दिवसाचा धडा उस्तादांसारखा पुन्हा समजावून सांगतो. इतर प्रश्न विचारतात. ज्याला दुसऱ्याला सांगता येतं, त्यालाच तो धडा खरा समजला, हा त्यामागचा हिशेब. सांगणाऱ्याला समजावण्याची सवय लागते आणि ऐकणाऱ्याला 'मला कळलं नाही' असं म्हणायची लाज वाटेनाशी होते. ही लाज जाणं किती अवघड असतं, ते आपण सगळ्या जणी जाणतो.

दुसरी रीत रमजानमधली. रात्रीच्या तरावीहच्या नमाजात हाफिज तोंडपाठ कुराण म्हणत जातो. त्याच्या मागे दुसरा हाफिज फक्त ऐकायला उभा असतो. पुढचा कुठे अडखळला, एखादा शब्द चुकला, की मागचा लगेच बरोबर शब्द पुरवतो. याला 'लुक्मा देणं' म्हणतात. लुक्मा म्हणजे घास. किती गोड शब्द आहे! चूक दाखवणं नाही, घास भरवणं. पुढच्याने रागवायचं नाही, मागच्याने मिरवायचं नाही. सगळ्यांदेखत झालेली चूक सगळ्यांदेखत सुधारायची आणि पुढे चालायचं. याची तयारी वर्षभर चालते. मुलं जोडीजोडीने बसून एकमेकांचं पाठांतर ऐकतात. ज्याला चूक दाखवली की अंगावर येतो असा एखादा तरी माणूस आपल्या घरी किंवा ऑफिसात असतोच. त्याच्या लहानपणी कुणी असा घास भरवला असता तर?

पंगत, झाडू आणि पाळी

निवासी जागेत अर्धं शिक्षण जेवणाच्या वेळी होतं. दस्तरखान अंथरणं, पंगत वाढणं, पाणी फिरवणं, नंतर झाडून घेणं, याच्या पाळ्या लागतात. घरी ताटावर बसून 'आई, पाणी' म्हणणारा मुलगा तिथे पन्नास जणांना पाणी वाढतो. आपल्या सुनांनी यासाठी तरी मदरशाचे आभार मानावेत!

याबाबतीत आपल्या महाराष्ट्राला जुनी ओळख आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी बोर्डिंगं काढली, त्यात १९०६ साली मुस्लिम समाजासाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. कोल्हापूरचं मुस्लिम बोर्डिंग त्यातूनच उभं राहिलं. खेड्यापाड्यातल्या मुस्लिम मुलांनी शहरात राहावं आणि सगळ्यांबरोबर शिकावं, हा त्यामागचा विचार होता. पुढे साताऱ्याला १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं. तिथे सगळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र राबत, एकत्र जेवत. 'कमवा आणि शिका' हा मंत्र तिथलाच. त्या मुलांना व्यवहार कोणत्या पुस्तकातून शिकवला नव्हता. तो त्यांनी खोरं आणि परात हातात घेऊन शिकला.

आजच्या काळातलं उदाहरण नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याचं. तिथे १९७९ साली मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी जामिआ इस्लामिया इशाअतुल उलूम सुरू केला. सातपुड्याच्या पायथ्याशी धार्मिक शिक्षणापासून सुरुवात झाली आणि पुढे त्याच संस्थेने आयटीआय, फार्मसी, इंजिनीअरिंगचं शिक्षण उभं केलं. आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ वरुडीला त्यांचं मेडिकल कॉलेजही आहे. मौलाना २०२५ च्या मे महिन्यात वारले. पण दीनची तालीम आणि दुनियेची तालीम एका छताखाली नांदू शकते, हे त्यांनी महाराष्ट्रातच दाखवून दिलं.

मग अडतं कुठे?

अडतं ते भाषेवर. आपल्या भागातली मुस्लिम मुलं घरी दखनी बोलतात, त्यात निम्मे शब्द मराठी. अंगणात, बाजारात मराठीच. मग ती मदरशात जातात. तिथे शिकणं उर्दूतून, पाठांतर अरबीतून, अंजुमनमधली भाषणंही उर्दूतून. काही जण तर परराज्यातच जातात. सहा-सात वर्षांनी मुलगा हाफिज किंवा आलिम होऊन परत येतो. मशिदीत जुम्म्याच्या दिवशी तो खणखणीत बोलतो. पण दुसऱ्या दिवशी बापाच्या सातबाऱ्यासाठी तलाठी कार्यालयात उभा राहिला की तोच मुलगा अडखळतो. अर्ज लिहायचा तर दुसऱ्याला विनवतो. ग्रामसभेत मागे बसतो. धिटाई असते, पण ती एकाच भाषेच्या खोलीत कोंडलेली असते. खोलीच्या बाहेर पाऊल टाकलं की पोरगा मुका.

दुसरी फट श्रोत्यांची. अंजुमनमध्ये बोलणारे तेच, ऐकणारे तेच. वेगळ्या विचाराच्या, वेगळ्या धर्माच्या माणसापुढे बोलायचा प्रसंगच येत नाही. आपल्या माणसांत बोलणं सोपं असतं. खरी कसोटी परक्यांपुढे.

यावर औषध आहे का? फार लांब जाऊन एक नमुना बघू या. इंडोनेशियात अशा निवासी शाळांना 'पेसांत्रेन' म्हणतात. जावा बेटावर पोनोरोगोजवळ गोंतोर इथे १९२६ साली तिघा भावांनी एक पेसांत्रेन काढला. तिथे दर आठवड्याला भाषणांचा सराव असतो, पण एका भाषेत नाही, तीन भाषांत. देशाची इंडोनेशियन, धर्माची अरबी आणि जगाची इंग्रजी. वसतिगृहाचा कारभार, शिस्त, दुकान, खेळ हे सगळं मोठे विद्यार्थी आपली संघटना करून चालवतात. स्काऊट तर आहेच. मुलींसाठी वेगळी शाखा आहे. धर्म सोडला नाही की देशाची भाषाही सोडली नाही.

आपल्याकडे हे जमणार नाही असं थोडंच आहे? मराठी ही काही मुसलमानांना परकी भाषा नाही. इथून जवळच श्रीगोंद्याला शेख महंमद होऊन गेले. त्यांनी 'योगसंग्राम' लिहिला तो मराठीत. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. कुराणाचा मराठी अनुवाद मिळतो, दीनची पुस्तकंही मराठीत मिळतात. गुरुवारच्या अंजुमनमध्ये दर वेळी दोन भाषणं मराठीतून झाली, महिन्यातून एकदा गावातले शिक्षक, ग्रामसेवक, नर्सबाई यांना ऐकायला बोलावलं, तर खर्च किती येईल? एका चहाचा!

सरकारनेही थोडी वाट करून ठेवली आहे. २०१३ साली राज्याने डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना सुरू केली. मदरशांनी इच्छेने सामील व्हायचं, मग विज्ञान, गणित, समाजशास्त्र, मराठी, इंग्रजी शिकवायला शिक्षक मिळतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने या शिक्षकांचं मानधन वाढवायचं ठरवलं. डी.एड. शिक्षकांचं महिना ६ हजारांवरून १६ हजार आणि बी.एड. शिक्षकांचं ८ हजारांवरून १८ हजार. मानधन वाढलं तर चांगला मराठी शिक्षक टिकेल, अशी आशा करायला हरकत नाही. शिवाय सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायची सोय आहेच. मदरशातला मुलगाही त्या वाटेने दहावी होऊ शकतो.

आणि मुलींचं काय?

मुलींचे मदरसे वेगळे असतात. मालेगावसारख्या गावात ते अनेक वर्षांपासून आहेत. मरैके विंकेलमन या अभ्यासक बाईंनी दिल्लीतल्या मुलींच्या मदरशावर लिहिलेलं पुस्तक २००५ साली आलं. मुली वर्गात काय शिकतात याइतकंच, 'अदब' आणि 'अमल' म्हणजे वागणं आणि आचरण, तिथे कसं घडतं याचा त्यांनी बारकाईने मागोवा घेतला. गावाकडची मुलगी, जिला घरी मोठ्याने हसलं तरी दटावलं जातं, ती मदरशाच्या जलशात शे-दीडशे बायकांपुढे माइक धरून उभी राहते. समोर तिची आई, मावशी, खाला बसलेल्या असतात. त्या दिवशी आईच्या डोळ्यांत पाणी येतं, ते काय उगाच?

पण पुढे? बहुतेकींचं लगेच लग्न ठरतं. काही जणी मकतबमध्ये शिकवायला लागतात, ते चांगलंच. पण ज्या मुलीला शंभर बायकांपुढे बोलता आलं, तिला बचत गटाच्या बैठकीत, बँकेच्या काउंटरवर, दवाखान्यात डॉक्टरपुढे, शाळेच्या पालक सभेत का बोलता येऊ नये? तिथेही आडवी येते ती भाषाच आणि 'बाईने कशाला बोलायचं' हे आपलं जुनं दुखणं. हे दुखणं फक्त मदरशाचं नाही, ते सगळ्या जातीधर्मांच्या घरांत आहे. फरक इतकाच, की मदरशातून आलेल्या मुलीला बोलायची सवय आधीच लागलेली असते. तिला फक्त मराठीचा दरवाजा उघडून द्यायचा आहे. सासूबाईंनी तेवढं केलं तरी पुरे.

ठेवण्याआधी हे विचारा

मैत्रिणींनो, मूल मदरशात ठेवा, आश्रमशाळेत ठेवा की हंगामी वसतिगृहात, पोटच्या गोळ्याला दुसऱ्याच्या हाती सोपवताना विचारायचा हक्क आईचा आहे. 'फुकट ठेवतात, कसं विचारायचं?' असं मनात आणू नका. फुकट जेवणाची किंमत पोराच्या गप्प बसण्याने चुकवायची नसते.

• आठवड्यातून एकदा तरी मुलांची सभा होते का? बोलायची पाळी सगळ्यांना येते, की ठरलेल्यांनाच?

• मराठी बोलायची, लिहायची सवय राहते का? मराठीचा शिक्षक आहे का? दहावीला बसवतात का?

• रोज मैदानावर सोडतात का, आणि किती वेळ?

• कामाच्या पाळ्या सगळ्यांना सारख्या असतात का? मिळून केलेलं काम म्हणजे वळण. पण लहानग्याने मोठ्याचे कपडे धुवायचे आणि पाय चेपायचे, याला वळण म्हणत नाहीत.

• शिक्षा कशी करतात? छडी हे उत्तर ऐकायला आलं तर दहादा विचार करा. मार खाणारं मूल धीट होत नाही, कोडगं होतं किंवा भित्रं होतं.

• फोनवर मुलाशी एकट्याने बोलू देतात का? कधीही भेटायला आलं तर चालतं का?

मुलांवर कुठेही अन्याय होत असेल तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करता येतो, हा आकडा पाठ करून ठेवा. आणि मूल फार लहान असेल, रात्री आईशिवाय झोपत नसेल, तर घाई करू नका. धिटाई यायला आधी मनात भरवसा लागतो आणि तो आईच्या कुशीतच मिळतो.

सुट्टीत मूल घरी आलं की आपणही थोडं करायचं. नुसतं 'किती पारे झाले?' एवढंच विचारून थांबू नका. 'गुरुवारी काय बोललास, मला म्हणून दाखव,' असं म्हणा. मग म्हणा, 'आता हेच मराठीत सांग, शेजारच्या काकूंना कळेल असं.' पहिल्यांदा अडखळेल, मधेच उर्दू शब्द घुसेल. घुसू द्या. शब्द अडला तर आपण पुरवायचा, रागवायचं नाही. आईने दिलेला घास कोणत्या लेकराने नाकारलाय?